वरचीचं काय करायचं?

“भर उन्हाळ्यात, टळटळीत दुपारी, या खोलीत माणसाला स्वेटर घालून बसावं लागेल! नाही बसावं लागलं तर नाव बदलीन!”

काबरंरावांनी ही घोषणा स्टुलावर चढून, वरच्या खोलीच्या छताला तळहात टेकवून केली आणि लगेच “आई गं!” करून हात मागे घेतला. छत तव्यासारखं तापलं होतं.

नाव बदलायची तयारी दाखवणं त्यांना सोपं होतं म्हणा. त्यांचं खरं नाव आता फक्त दुकानाच्या पाटीवर उरलं होतं. चष्म्याचं दुकान त्यांचं. डोळे दुखतात म्हणून कुणी आलं की हे आधी विचारणार, “का बरं?” चष्मा तुटला? “का बरं?” राहू द्या, दुसरीकडे जातो! “का बरं?” झालं, नाव पडलं! घरातलं घड्याळ थांबलं तर लोक सेल बदलतात. काबरंराव ते उघडून आत बघत बसायचे. आत बघून झाल्यावर ते पुन्हा बंदही करायचं असतं, याचा मात्र त्यांना दर वेळी विसर पडायचा.

पण या वेळी प्रश्न घड्याळाचा नव्हता, आत्याबाईंचा होता.

आत्याबाई म्हणजे त्यांच्या बायकोची आत्या. बायकोला लहानाचं मोठं केलं ते हिनंच. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून द्यायची. लग्न केलं नाही, कुणापुढे हात पसरला नाही, एका भाड्याच्या खोलीत ताठ मानेनं राहिली. मागच्या हिवाळ्यात तिथेच आजारी पडली आणि कुणाला पत्ताही लागला नाही. बायकोला हे उशिरा कळलं तेव्हा तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. बऱ्याच मिनतवाऱ्या झाल्या, तेव्हा कुठे आत्याबाई यायला कबूल झाल्या. तेही कायमच्या नाही! “बघते. जमलं तर राहते. नाही जमलं तर माझी खोली आहेच.” जुन्या खोलीची किल्ली त्यांनी पर्समधून काढून सगळ्यांना दाखवली आणि परत पर्समध्ये टाकली. रविवारपर्यंत घरमालकिणीला काय ते सांगायचं होतं.

आणि त्यांना द्यायला घरात खोली होती ती एकच. वरची! दिवसा भट्टी, रात्री बर्फाचा कारखाना. पहिल्याच सकाळी आत्याबाई हॉलमधल्या खुर्चीत उशी पोटाशी धरून झोपलेल्या सापडल्या.

“छान झोप लागली हो,” त्या म्हणाल्या. मान मात्र वाकडी ती वाकडीच!

बायकोनं नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. “अहो, ती बोलणार नाही. मरेल पण बोलणार नाही. गुपचूप बॅग भरून निघून जाईल. त्या खोलीचं काहीतरी करा. आणि लगेच करा! अभ्यास नका करू!”

“अगं, अभ्यास कशाला? छताला आणि भिंतींना आतून अस्तर लावलं की काम झालं. कुठलं लावायचं तेवढंच बघायचं.”

बायकोनं कपाळाला हात लावला. ‘तेवढंच बघायचं’ म्हणजे काय, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.

काबरंराव बघायला निघाले. बांधकामाच्या सामानाचं एक मोठं दुकान होतं. तिथल्या मालकाला सगळे थरशेठ म्हणत, कारण कुठल्याही दुखण्यावर त्याचा उपाय एकच, वरून अजून एक थर! काबरंरावांनी त्याला सकाळभर पिडलं. थर्माकोल उष्णता अडवतो तो का बरं? फोम महाग का बरं? कागदाचा लगदा भिंतीत भरला तर वाळवी येत नाही ती का बरं? दगडाची लोकर असते? दगडाला लोकर कशी येते? शेवटी थरशेठनं हात जोडले, प्रत्येक मालाचा एकेक तुकडा पोत्यात भरून दिला आणि सांगितलं, “घरी जाऊन काय ते बघा, साहेब. फक्त तो पिवळा आहे ना, काचेचा कापूस, त्याला...”

पुढचं काबरंरावांनी ऐकलंच नाही. काचेचा कापूस! काच एवढी मऊ असते? रस्त्यातच त्यांनी तो पोत्यातून काढला. दाबून बघितला, वास घेतला, आणि किती मऊ आहे हे कळावं म्हणून चांगला गालावरून फिरवला. मानेवरूनही.

त्या दुपारी दुकानात एक बाई नंबर काढायला बसल्या होत्या. “वाचा, वरून तिसरी ओळ,” काबरंराव म्हणाले आणि दाराच्या चौकटीला पाठ घासू लागले. वर-खाली, वर-खाली. बाई बिचाऱ्या त्यांच्याकडे बघून तशीच मान हलवत वाचू लागल्या. त्यांना वाटलं, तपासणीची हीच नवी पद्धत असावी.

संध्याकाळपर्यंत अंगावर अशी खाज सुटली की सदरा घालवेना. बायकोनं चिकटपट्टी लावून लावून एकेक कण ओढून काढला. प्रत्येक पट्टीला काबरंराव ओरडत होते, पण मधल्या वेळात म्हणत होते, “पण काय गंमत आहे बघ! अगं, काच आणि टोचते कशी, कापसासारखी दिसूनसुद्धा!”

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. यांचा उत्साह दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरच्या खोलीच्या चारी भिंतींना ताप मोजायचे थर्मामीटर चिकटवले. दर थोड्या वेळानं जिना चढायचा, आकडा बघायचा, थर्मामीटर झटकायचा, परत चिकटवायचा. मग नमुने आले. भिंतीवर ओळीनं तुकडे लावले, समोर खुर्ची टाकली आणि खुर्चीत आत्याबाईंना बसवलं.

“डोळे मिटा, आत्याबाई. हात पुढे करा. हं. आता सांगा, हे बरं... की हे?”

“सारखंच आहे.”

“घाई नको. परत देतो. पहिलं... आणि हे दुसरं. कुठलं बरं?”

“जावईबापू, थर्माकोल मला नाकावर लावायचाय का?”

“तसं नाही हो! भिंतीला लावायचा, पण राहायचंय तुम्हाला. तुम्हाला काय बरं वाटतं ते नको कळायला?”

आत्याबाई डोळे मिटून गालात हसल्या. हा माणूस अर्धवट आहे, पण आपल्यासाठी एवढा घाम गाळतोय, हे त्यांना जाणवलं असावं. संध्याकाळी त्या भाचीला म्हणाल्यासुद्धा, “तुझा नवरा फार प्रश्न विचारतो गं, पण उत्तर ऐकायला थांबतो. असं करणारे थोडे असतात.” बायकोच्या जिवात जीव आला. आता राहील, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

आणि शनिवारी दुपारी काबरंरावांनी सगळ्यावर पाणी फिरवलं!

झालं असं, की या घरात वरच्या खोलीला ‘वरची’ म्हणायची सवय होती. “गाद्या वरचीत टाक”, “वरचीला कुलूप घाल”, असं. बाहेरच्याला हे ठाऊक असायचं कारण नाही. आत्याबाई तर घरात नव्या. आणि दुसरं म्हणजे, आयुष्यभर लोकांची बोलणी कानावर पडून आत्याबाईंना एक अभिमान जडला होता, एका बाजूचं बोलणं ऐकलं की पलीकडची बाजू मला आपोआप कळते!

बायको बाजारात गेली होती. आत्याबाई खाली हॉलमध्ये भाजी निवडत होत्या. काबरंराव जिन्यावर उभे राहून थरशेठशी फोनवर बोलत होते, आणि पलीकडे दुकानात गोंगाट असल्यामुळे चांगलं ठणठणीत बोलत होते.

“हां, वरचीबद्दलच बोलतोय! ठरवलं एकदाचं!... काय सांगू शेठ, फार छळ आहे. सकाळी बरी असते, पण दुपार झाली की अशी तापते, अशी तापते, जवळ जायची सोय नाही!”

आत्याबाईंचा हात भाजीवर थांबला.

“...आणि रात्री एकदम थंडगार... हो, वय झालंच की! जुनीच आहे, आमच्या लग्नाच्याही आधीची... छे छे, पाडायचा विचार मनात आला होता, नाही असं नाही. पण बायको ऐकणार नाही. तिचा जीव आहे ना!”

आत्याबाईंनी भाजीची परात हळूच बाजूला ठेवली.

“मग कसं करायचं? आधी सगळीकडून तोंडं बंद करायची... बरं. मग गुंडाळायची. लोकरीत? कापूस नको, मला सोसत नाही... आणि वरून फळ्या ठोकायच्या! वा! म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ता नाही!... काय म्हणता? श्वास घ्यायला जागा? ती ठेवा हो थोडी! नाहीतर आतल्या आत घाम सुटून कुजायची, आणि मग वास घरभर!... उद्याच उरकून टाकू. सकाळी, तापायच्या आत या. घरात कुणाला बोललो नाही अजून. झाल्यावरच कळू दे!”

फोन ठेवून काबरंराव शीळ घालत वर गेले. खाली आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. पलीकडची बाजू त्यांना आपोआप कळली होती!

त्या तशाच शेजारी गेल्या. शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहत असत.

“एक विचारू? माणसाला लोकरीत गुंडाळून, वरून फळ्या कधी ठोकतात हो?”

नर्सबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “कधी म्हणजे? गेल्यावर!”

“आणि जाण्याआधी?”

“जाण्याआधी कोण ठोकेल? आत्याबाई, कुणाबद्दल बोलताय?”

“असंच,” आत्याबाई म्हणाल्या आणि उठल्या. पण नर्सबाईंनी चेहरे बघूनच सगळी नोकरी केली होती. त्यांनी दार लावून घेतलं आणि सगळं काढून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी शहाणी बाई, असं काही खरं मानेल का? खून वगैरे तिनं मानला नव्हता हो. फळ्यांचं कोडं तिला सुटत नव्हतं, ते सोडा. पण ‘छळ’, ‘वय झालं’, ‘बायकोचा जीव आहे म्हणून’, ही वाक्यं मात्र काळजात रुतली होती. तिला पहिल्यापासून जी भीती होती, तीच कुणीतरी जिन्यावर उभं राहून मोठ्यानं बोलून दाखवली होती.

रविवारी सकाळी आत्याबाई बॅग घेऊन जिना उतरल्या.

“मी निघते गं. घरमालकिणीला फोन करते, खोली ठेवते म्हणून.”

बायकोच्या हातातलं पातेलं खाली पडलं. “का? काय झालं? काही बोललं का कुणी?”

“नाही गं. सगळे चांगले आहात. मला माझ्या खोलीची सवय आहे, एवढंच.”

बायको गर्रकन नवऱ्याकडे वळली. “तुम्ही! तुमचे ते थर्मामीटर आणि तुमचं हे बरं की ते बरं! घालवलीत ना तिला?”

“का बरं?” काबरंरावांना खरंच काही कळेना. त्यांच्या एका हातात हातोडी होती. “आत्याबाई, आजच्या दिवस तरी थांबा. आज तर मोठी गंमत आहे!”

आत्याबाईंनी हातोडीकडे बघितलं आणि बॅग छातीशी धरली.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. बायकोनं दार उघडलं तर दोन आडदांड माणसं उभी! अंगभर पांढरे कपडे, तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, खांद्यावर लोकरीची लांबच लांब गुंडाळी. मागे थरशेठ, काखेत फळ्या.

“कुठंय वरची?” पहिला म्हणाला. “तापायच्या आत आटपू या. तोंडं बंद करायचा मसाला आणलाय!”

“खबरदार!” जिन्याखालून आवाज आला. नर्सबाई! हातात छत्री. त्या मागच्या दारानं केव्हा आल्या कुणालाच कळलं नव्हतं. “हात लावून तर बघा तिला! एकेकाला टाके घालीन!”

“कुणाला हात लावायचा नाही?” थरशेठ गोंधळला. “हात न लावता कसं गुंडाळणार, बाई?”

“अहो, बाजूला व्हा,” काबरंराव हातोडी हलवत पुढे आले. “मीच सांगितलंय यांना! पैसेसुद्धा दिलेत!”

हे ऐकून नर्सबाईंनी छत्री उगारली, पहिला कामगार मागे सरकला, त्याच्या खांद्यावरची गुंडाळी सुटली आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत करड्या लोकरीचा गालिचा पसरला. त्याच्यात पाय अडकून काबरंराव पडले. पडता पडता त्यांनी आधाराला धरली ती नेमकी आत्याबाईंची बॅग!

आणि इतके दिवस एक शब्द न बोललेल्या आत्याबाई फुटल्या.

“सोडा बॅग! जाते आहे ना मी आपणहून? मला सगळं ऐकू आलंय, जावईबापू! काल जिन्यावर उभे होतात. वय झालंय, छळ आहे, जवळ जाववत नाही! पाडायचासुद्धा विचार होता म्हणे! अहो, नकोशी झाले होते तर तोंडावर सांगायचं. मी काही बसून राहणारी नव्हते!”

काबरंराव लोकरीत बसून विचार करत होते. मग त्यांचं तोंड हळूहळू उघडलं.

“पाडायचा विचार... आत्याबाई! तुम्हाला नाही हो! तिला!”

“तिला म्हणजे कुणाला?” बायको किंचाळली.

“वरचीला! खोलीला! खोली तापते, खोली जुनी आहे, खोलीला फळ्या ठोकायच्यात! तुम्हाला कशाला ठोकू मी?”

“मग ‘ती’ का म्हणत होतात?” नर्सबाई.

“मग खोलीला काय ‘तो’ म्हणू?”

थरशेठनं फळ्या खाली ठेवल्या आणि भिंतीला टेकून तो पोट धरून हसू लागला. बायको मात्र हसली नाही. “अहो, देवाशपथ, छत म्हणायचं होतं! ते छत! कुणाला राग तरी आला नसता!”

ध चा मा व्हावा तसा ‘ती’चा घोळ झाला होता. पण आत्याबाई अजून बॅग धरूनच उभ्या होत्या. डोळे भरले होते.

“मला खरं वाटलं गं,” त्या भाचीला म्हणाल्या. “लगेच खरं वाटलं. कारण मलाही मनातून तेच वाटत होतं. वरची म्हणजे मीच. तुमच्या डोक्यावर येऊन बसलेली.”

बायकोनं त्यांच्या हातातली बॅग काढून घेतली. “तू मला वाढवलंस तेव्हा मी तुझ्या डोक्यावर बसले होते का? मग गप्प बस. तू हवी आहेस म्हणून आणलंय तुला. समजलं? मला हवी आहेस!”

काबरंरावांना काहीतरी बोलायचं होतं. पण लोकरीचा धागा नाकात गेला, त्यामुळे ते नुसते शिंकले.

घरमालकिणीला फोन करायचं आत्याबाईंनी पुढे ढकललं. “आधी खोली बघते,” म्हणाल्या.

खोली झाली! आणि काय झाली! छताला, भिंतींना दगडी लोकर, मध्ये हवा खेळायला जागा, वरून गुळगुळीत फळ्या, दाराच्या कडेनं रबर. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत माठाशेजारी बसल्यासारखं वाटत होतं. काबरंराव कुतूहलानं दर तासाला थर्मामीटर घेऊन जात आणि विजयी मुद्रेनं खाली येत. स्वेटर लागला नाही, हे खरं, पण त्याबद्दल कुणी विचारलंही नाही.

आणि सोमवारी सकाळी आत्याबाई पुन्हा हॉलमधल्या खुर्चीत! पोटाशी उशी!

“तापली?” काबरंरावांनी घाबरून विचारलं.

“नाही.”

“गार पडली?”

“छे! छान आहे.”

“मग का बरं?”

आत्याबाई जरा ओशाळल्या. “ऐकू येत नाही हो काही. दार लावलं की सगळं बंद. तुमची भांडणं नाहीत, भांडी नाहीत, नळ नाही. जन्मभर कानात माणसं होती माझ्या. एवढ्या शांततेत मागच्या हिवाळ्यासारखं वाटतं. कुणाला पत्ता लागणार नाही.”

यावर उपाय निघाला, पण तो थरशेठच्या दुकानातला नव्हता. आत्याबाईंनी वरच्या खोलीचं दार उघडं ठेवलं. सताड! रबर लावलेल्या त्या सुंदर दाराला खाली पाटा टेकवून ठेवला. आतला गारवा जिन्यावरून खाली हॉलमध्ये, हॉलमधली गरम हवा वर. सगळा अभ्यास वाया! काबरंरावांचा जीव तीळ तीळ तुटायचा. एका संध्याकाळी राहवेना, तेव्हा ते चोरपावलांनी वर गेले. निदान अर्धं तरी लोटू या, म्हणून दारावर हात ठेवला. आत आत्याबाई दाराकडे पाठ करून फोनवर बोलत होत्या.

“हो, खोली सोडतेय, बाई. दुसऱ्या कुणाला द्या. किल्ली आणून देते... हो, कायमचीच. इथे बरं आहे.”

काबरंरावांचा हात दारावरच थांबला. त्यांना एवढा आनंद झाला की खाली धावत जाऊन बायकोला सांगावंसं वाटलं. पण पुढचं वाक्य कानावर पडलं.

“...तो? तो आहे ना! दिवसभर आपला कुरकुरतो. उगाच गरगर फिरतो, उपयोग फारसा नाही. जुनाट आहे जरा, पण असू दे. आता सवय झालीय. त्याचा आवाज कानावर पडला नाही तर चुकल्यासारखं होतं.”

काबरंराव विचारात पडले. आपल्याला तर आत्याबाई नेहमी ‘तुम्ही’ म्हणतात, जावईबापू म्हणतात. मग ‘तो’ म्हणजे दुसरंच काहीतरी. काय बरं? कुरकुरतो, गरगर फिरतो... त्यांचा चेहरा उजळला. ते जिन्यावरून अर्धे वाकले आणि खाली उभ्या असलेल्या बायकोला कुजबुजत म्हणाले, “अगं, राहणार आहे ती! खोली सोडली! आता वरच्या पंख्याबद्दल सांगतेय, छान आहे म्हणतेय!”

बायकोनं वर बघितलं. “वर पंखा कुठंय? खोली गार झाली, आता गरज काय, म्हणून गेल्याच आठवड्यात तुम्हीच नाही का काढून नेलात?”

काबरंराव पुन्हा दाराकडे वळले. दाराखालचा पाटा तेवढा त्यांनी आणखी घट्ट सरकवला आणि ते खाली निघून गेले.